सातव्या प्रकरणातली गाठ

यशवंतराव बनसोडे मराठी कादंबऱ्या लिहीत, आणि तेही झाशीत बसून. म्हणजे भर उन्हाळ्यात रजया विकण्यातला प्रकार. तीन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. झाशीतले त्यांचे वाचक मोजायला एका हाताची बोटं पुरत आणि अंगठा उरे. त्यातही बायको रेवती धरलेली, आणि तिने दुसरी कादंबरी अर्ध्यात सोडली होती. आजोबा नगरहून रेल्वेच्या नोकरीला इथे आले, यशवंतराव इथल्याच पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. मराठी उरली ती घरात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये.

त्या मराठी उपासनेला सव्वीस माणसं जमत. पैकी मराठी बोलणारी अकरा, नुसती समजणारी नऊ, आणि नंतरच्या समोशासाठी येणारी सहा.

दाराशी पत्र्याचा डबा होता. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून टाकायची. उपासनेत ती मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. वाचायचं काम यशवंतरावांकडे, कारण ते लेखक. इथेच पाळकसाहेब चुकले. लेखकाच्या हाती दुसऱ्याचा मजकूर देणं म्हणजे मांजरावर दुधाची राखण सोपवणं. कोणी 'गुडघा दुखतो' लिहिलं की यशवंतराव वाचत, "प्रभू, एका थकल्या वाटसरूची पावलं तुझ्या वाटेवर अडखळत आहेत." गुडघेवाला मनात म्हणे, चला, आपल्याहून वाईट अवस्था कुणाची तरी आहे. नावं ते गाळत. लोकांची गुपितं गुपितच राहावीत म्हणून, असं सांगत. खरं तर नावाने वाक्याचा तोल जाई.

नोव्हेंबरात एक चिठ्ठी निघाली: 'संतोषच्या पोटात गाठ आहे. रिपोर्ट मंगळवारी. गाठ साधी निघो. इतकंच.'

यशवंतरावांना दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ, तिचा पदर धरून, आनंदही आला. चौथ्या कादंबरीचं सातवं प्रकरण दोन महिने अडलं होतं. नायिकेचा तरुण मुलगा मारायचा होता. कशाने, ते सुचत नव्हतं. गाठ! त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी खरडलं, ती खिशात घातली आणि डोळे मिटून सुरू केलं,

"हे करुणासागरा, देहाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात जे अनाहूत फळ धरलं आहे, त्यावर तुझ्या पहाटेचा हात फिरू दे."

तिसऱ्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं. यशवंतरावांनी ते ऐकलं आणि न ऐकल्याचा चेहरा केला. नम्र दिसण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या मंडळीत कोणी नव्हता.

"बनसोडे जी, क्या प्रार्थना थी! रोंगटे खड़े हो गए," पाळकसाहेब बाहेर म्हणाले. त्यांना मराठी निम्मीच कळे, म्हणून स्तुती पुरती करता येई.

फाटकाशी अनुसूयामावशी उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, यशवंतरावांच्या आईच्या मैत्रीण. झाशीजवळच्या बरुआसागरहून आल्या होत्या, आणि परतीचा टेम्पो त्यांनी मुद्दाम सोडला होता.

"यशवंता, माझी चिठ्ठी डब्यातच राहिली रे."

"कुठली, मावशी?"

"संतोषची. आमच्या पोराची. सगळ्यांच्या वाचल्यास, माझीच राहिली."

यशवंतरावांनी हातातला समोसा कागदात परत गुंडाळला. "वाचली की! ती गाभाऱ्यातल्या फळाची... ती तुमचीच."

"ती माझी?" मावशी बघतच राहिल्या. "मला वाटलं, कुणाला मूलबाळ हवंय. मी आमेनसुद्धा म्हटलं नाही. म्हटलं, आधी माझी येऊ दे. पोराचं नावही नाही घेतलंस?"

"देवाला सगळं कळतं, मावशी."

"मग चिठ्ठ्या कशाला लिहायला लावता?"

शेजारी उभी असलेली रेवती एवढ्यावर खोकली. तीस वर्षांच्या संसारात यशवंतरावांना या खोकल्याचा अर्थ पाठ होता.

"परवा रिपोर्ट आहे रे," मावशींचा आवाज बारीक झाला. "आता पुन्हा म्हण. आपण तिघं आहोत, पुरेत. आण ती चिठ्ठी."

"ती... आत असेल."

"अहो, खिशात आहे," रेवती म्हणाली. "दर महिन्याला खिशातच असतात. घरी बिस्किटाचा डबा भरलाय यांचा."

चिठ्ठी निघाली, ती नेमकी पाठ वर करून. मावशींनी ती डोळ्यांजवळ नेली आणि एकेक अक्षर लावत वाचली, "सातव्या... प्रकरणात... घालणे. कोणाला घालणार?"

साठ पानांची कैफियत यशवंतराव सहज रचू शकले असते. पण रेवती पुन्हा खोकली. "कादंबरीत एक मुलगा आहे, मावशी. तो गाठीने मरतो."

मावशींनी चिठ्ठी सुलटी करून यशवंतरावांच्या हातात दिली. "लिही बापडा. तुझं पोट त्यावर नाही, पण जीव आहे तुझा. फक्त गाठ साधी निघाली असं लिही. आता वाच."

यशवंतरावांनी डोळे मिटले. "हे कृपा..."

"चिठ्ठी वाच!"

त्यांनी डोळे उघडले आणि वाचलं, "संतोषच्या पोटात गाठ आहे. रिपोर्ट मंगळवारी. गाठ साधी निघो. इतकंच." आवाज मध्येच चिरकला. तसा चिरकलेला आवाज त्यांनी आजवर कितीतरी पात्रांना दिला होता. स्वतःला पहिल्यांदाच मिळाला, आणि अगदीच बेसूर होता.

"आमेन," मावशी जोरात म्हणाल्या, आणि पिशवीतून काढून पावशेर आलं रेवतीच्या हातावर ठेवलं.

मंगळवारी यशवंतराव फोनपाशी बसून होते. चार ओळी लिहिल्या, पाच खोडल्या. साडेचारला फोन वाजला. "साधी निघाली रे! चरबीची!" मागून संतोष काहीतरी हिंदीत ओरडत होता. यशवंतरावांनी फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की प्रार्थना आपण वाचली होती. दुसरा विचार आला तो पहिल्याची लाज वाटल्याचा. तिसरा, की ही लाज सातव्या प्रकरणात छान बसेल.

"अहो, चेहऱ्यावरून कळतंय," रेवती आल्याचा चहा पुढे ठेवत म्हणाली. "निदान चहा होईपर्यंत तरी नुसते खूश राहा."

त्यांनी प्रयत्न केला. अर्धा कप टिकला.

कादंबरीतला मुलगा वाचला. महिन्याभराने पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आलं: सातवं प्रकरण फार मिळमिळीत झालं आहे, वाचक रडणार कशावर? मुलगा मरायलाच हवा.

यशवंतरावांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात दीड पान करुणा झाली, दुसऱ्यात ती निम्मी. चौथ्या मसुद्यात एवढंच राहिलं: 'मुलगा मरणार नाही. इतकंच.'

ते त्यांनी पोस्टात टाकलं. मसुदे मात्र बिस्किटाच्या डब्यात ठेवले.