दोन ग्लास कमी

बायकोच्या, फ्लोरिनच्या, ताटात उरलेलं आपण संपवायचं, हा बॉस्कोचा तीस वर्षांचा नेम. तारोडी गावात अन्न टाकणाऱ्याला कोणी चांगलं म्हणत नाही. पण सवय कुठे आवरावी हे माणसाला कळायला हवं, आणि बॉस्कोला ते सीटी स्कॅन सेंटरमध्ये कळलं नाही.

वर्षभर फ्लोरिनच्या अंगातलं रक्त कमी होत होतं. दोनदा रक्त चढवलं, वरून आणि खालून दुर्बीण घालून झाली, हाती काही लागलं नाही. उरलं मधलं लहान आतडं. डॉक्टरांनी सीटी सांगितला. त्याआधी तासाभरात दीड लिटर, म्हणजे सहा ग्लास, गोडसर पाणी प्यायचं होतं.

टेक्निशियन विनिता म्हणाली, "आंटी, आतडं रिकामं असलं की मिटून बसतं. गाठ असेल तर ती फुगल्यावरच दिसेल. सगळं संपवायचं, हां."

पाचव्या ग्लासाला उमासे आले आणि फ्लोरिन बाथरूमकडे धावली. बॉस्कोला तिचे हाल बघवेनात. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेले दोन ग्लास स्वतःच घटाघटा पिऊन टाकले. ती आल्यावर म्हणाला, "पुरे झालं म्हणाली ती पोरगी." घरी त्याचं पोट असं बिघडलं की पुढचा दिवस संडासातच गेला. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं.

रिपोर्ट आला. गाठ दिसली नाही. मुलगी केलीने केक आणला, फ्लोरिन कितीतरी दिवसांनी हसली. शेवटची ओळ मात्र एकट्या बॉस्कोने वाचली: वरचं आतडं नीट फुगलेलं नाही, तिथली खात्री देता येत नाही, गरज वाटल्यास तपासणी पुन्हा करावी.

त्याच्या बशीतला केक तसाच राहिला. गप्प बसावं तर घर खुशीत राहणार आणि बायको हातची जाणार. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"दोन ग्लास मी प्यालो," त्याने सांगून टाकलं. "परत जायला पायजे."

"येडा हाय तू," फ्लोरिन म्हणाली, आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या वेळी तिने एकटीने सगळं संपवलं. गाठ दिसली, बोराएवढी.

"पसरलेली दिसत नाही, काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण मागच्या वेळी आतडं फुगलं कसं नाही? सगळं प्यालात ना?"

बॉस्कोने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी फ्लोरिन बोलली.

"न्हाय डॉक्टर. दोन ग्लास मीच बेसिनमध्ये ओतले."

डॉक्टर तिला चांगलेच रागावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेजारी बसलेल्या बॉस्कोला रडू आवरेना.