सहादूची ब्लाइंड चाल

१९९९च्या श्रावणातला शनिवार. तीन वाजले तरी नवरा जेवायला येईना, म्हणून लताबाई ताट झाकून सातपूरच्या आपल्या कॉलनीतल्या देवळाकडे निघाल्या. सभामंडपात सतरंजीवर तीन पत्ती रंगली होती. श्रावणात पत्ते खेळले की लक्ष्मी घरी येते, असं तिथली जाणती माणसं सांगत. त्यामुळे देवळात जुगार चालतो, असं कुणाला वाटतच नसे.

लताबाईंचा नवरा सहादू पानं उपडी ठेवून, न बघताच चाल करत होता. ब्लाइंड. भोवतीची माणसं ओरडत होती, "वाघ आहे आमचा सहादूभाऊ!" त्या ओरडण्यानं त्याचा चेहरा उजळलेला लताबाईंनी पाहिला. दोन वर्षांपूर्वी कंपनी बंद पडल्यापासून घरात तो असा कधी दिसला नव्हता. कंपनीकडून मिळालेल्या पैशांतून त्यानं रिक्षा घेतली होती. आज तिची किल्ली त्यानं सतरंजीवर टाकली.

"अहो, नका!"

"वहिनी, डावात बोलू नये," समोरचा खंडेराव म्हणाला.

पानं उघडली. सहादूकडे साधी जोडीही नव्हती.

घरी आल्यावर लताबाई एवढंच म्हणाल्या, "एकदा बघायची तरी होती."

तो भिंतीला टेकून बसला. "अठरा वर्षं मशीनवर एक खाडा केला नाही, लता. प्रत्येक पाऊल बघून टाकलं. शेवटी काय? गेटला कुलूप. बघून हरायचं, त्यापेक्षा न बघता हरलेलं बरं. चार माणसं वाघ तरी म्हणतात."

लताबाईंनी झाकलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

सोमवारी खंडेरावानं डावात जिंकलेली तीच रिक्षा सहादूला रोजच्या भाड्यानं चालवायला दिली. अकरावीतल्या लेकीनं, अंजलीनं, कॉलेज सोडलं आणि अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. बाप रोज त्याच रिक्षातून तिला कामावर सोडी. तरी श्रावण आला की त्याची पावलं मंडपाकडे वळत. तिसऱ्या पावसाळ्यात रिक्षा स्टँडवरच तो हँडलवर कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

दहाव्याला गोदाकाठी खंडेराव डोळे पुसत म्हणाला, "असा ब्लाइंड खेळणारा पुन्हा व्हायचा नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"ते दुखणं होतं त्यांचं, भाऊ," लताबाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."



पुढच्या श्रावणात, पहिल्याच शनिवारी, माणसं सतरंजी घेऊन आली तर मंडपात मधोमध मायलेकी बसलेल्या.

"उठा वहिनी. देऊळ सगळ्यांचं आहे," खंडेराव म्हणाला.

"म्हणूनच बसलेय."

बराच वेळ कुजबुज झाली आणि डाव खंडेरावाच्या ओट्यावर गेला. हसण्याचे आवाज मंडपापर्यंत येत राहिले. अंजली खाली मान घालून रडली. ऊन कललं, तेव्हा धोंडीरामची बायको आली. तिचा नवरा त्याच ओट्यावर खेळत होता. ती लताबाईंच्या शेजारी बसली.

"आई, उद्या काय करायचं?" अंजलीनं विचारलं.

"उद्या ओट्यावर बसायचं," लताबाई म्हणाल्या.