मंडपामागच्या गायी

जेठाच्या उन्हात हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत निळी गाडी शिरली आणि बघता बघता एकाही घरामागे गाय उरली नाही. मोकाट जनावरं धरून कोंडवाड्यात नेणारी ती गाडी. कॉलनीत गाय बांधायला मनाई, पण घरच्या दुधाची सवय सुटते थोडीच! माझी गोदी तर गाभण होती. शेजारच्या शालूनं मागून लोटलं, मी पुढून ओढलं आणि आम्ही तिला राममंदिराच्या मंडपात नेलं. तिथं भैय्याजीबुवांचं कीर्तन रंगलं होतं. त्यांच्या मागच्या पडद्याआड आधीच चार गायी उभ्या. गोदीला पाचवी बांधली, पुढ्यात तणीस टाकली आणि साळसूदपणे पुढं येऊन टाळ हातात घेतले.

गाडीतून मात्र दोरवाले उतरले नाहीत. एक तरुण मुलगा उतरला, हातात पांढरा डबा. मंडपातून सगळं दिसत होतं. तो दारोदार फिरत होता, पण डबा उन्हात म्हणून ठेवत नव्हता. स्वतः उन्हात उभा राही आणि डबा छपरीच्या सावलीत सरकवी.

"त्या डब्यात काय असंन व?" शालू माझ्या कानाशी लागली.

"दोर असंन."

"दोर का सावलीत ठेवतेत?"

माझं टाळावरचं लक्षच उडालं. समोरच्याच शेषरावांच्या अंगणात तो वाकून बघत होता.

"काका, शेण ताजं आहे. गाय कुठं आहे?"

"कोणची गाय?" शेषराव म्हणाले. "अंगण सारवाले आणलं शेण."

हसत तो मंदिराकडे आला. चपला काढल्या, रामाला हात जोडले, डबा मांडीवर घेऊन मागं बसला. शेषरावही त्याच्या मागोमाग आले. बुवा गोकुळातली वासरं ब्रह्मदेवानं गुहेत कशी लपवली ते गाऊन सांगत होते. आणि नेमकी तेव्हाच गोदी हंबरली.

तबला थांबला. मुलगा उठून उभा राहिला.

"बुवा, एक विचारू?"

नारदाच्या गादीवर उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही. विचारलं की बुवा सांगणार, आणि गोदी कोंडवाड्यात जाणार.

बुवा शांतपणे म्हणाले, "आधी तुम्ही सांगा. न्याले आले का द्याले?"

"द्यायला. मी जनावरांचा डॉक्टर, अरुणकुमार. गलघोंटूची, म्हणजे घटसर्पाची लस आणली आहे. नंदिनी नगरात म्हशी मरून राहिल्या. आमची जीप बंद पडली, म्हणून या गाडीत बसून आलो. सकाळपासून एकही सुई टोचली नाही, अन् बर्फ विरघळून राहिला."

"हा बहाणा आमाले माहीत आहे," शेषराव पुटपुटले.

"आता विचारा," बुवा म्हणाले.

"इथं गायी आहेत का?"

"आहेत. कोणाच्या, ते ज्यानं त्यानं सांगावं."

मीच उठले.

"डबा उघडा."

त्यानं उघडला. पाण्यात बर्फाचे खडे तरंगत होते, त्यात छोट्या बाटल्या. मी हात घातला. थंडगार! सकाळपासून त्यानं जपलं ते हे होतं तर.

"माझी गाभण आहे. पाचवा महिना. चालते का?"

"चालते. जागा थोडी सुजंन, अंग तापंन. घाबरू नका."

"मग आधी ते गाडी वापस पाठवा."

"बाई, मग मी परत दुर्गला जाऊ कसा?"

"शालूचा घरवाला नेऊन देते स्कूटरवर. गाडी उभी हाय तोवर मी पडदा सरकवत नाही."

तो बाहेर जाऊन ड्रायव्हरशी बोलला. गाडी वळली, चौकापलीकडे गेली. मी पडदा सरकवला, गोदीची मान छातीशी धरली आणि रामराम म्हणत डोळे मिटले. उघडले तेव्हा सुई टोचून झाली होती आणि गोदी तणीस खात होती.

पाचही झाल्यावर डॉक्टरनं विचारलं, "बाकीच्या गायी कुठं आहेत?"

शेषराव खाकरले. "दोन पाण्याच्या टाकीखाली. एक शाळेच्या व्हरांड्यात."

"अन् तुमची, काका?"

"न्हाणीत," शेषराव म्हणाले. "पण आता बाहेर निघून नाही राहिली ना ते!"

मंडप हसला, बुवासुद्धा. डॉक्टरनं डबा उचलला. "चला लवकर. बर्फ आहे अजून."

चार बाप्ये त्याच्यामागं न्हाणीकडे धावले.