नळीवरची खाच

व्हर्नचं रॉकेटवेड नेब्रास्काच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक. पुठ्ठ्याच्या नळीची रॉकेटं तो गॅरेजात बनवायचा, पण पास करायची ती बायकोनं, आर्डिसनं. नळीवर कागदाच्या गुंडाळीची बारीक खाच असते. लुकण भरा, घासा, अस्तराचा रंग मारा, पुन्हा घासा, तरी मेली वर येतेच. डोळ्यांना दिसत नाही, पण आर्डिसच्या बोटाला लागायची. जन्मभर शिवणकाम केलेलं बोट ते. डोळे मिटून फिरवायची आणि "चालेल" म्हणाली, की मगच वरचा लाल रंग.

यंदा कॅन्सरनं तिला अंथरुणाला खिळवलं. औषधांनी केस गेले, चव गेली. चर्चच्या बायकांनी आणलेलं जेवण झाकलेलंच राही. "एवढं एक रॉकेट उडताना बघू दे, मग मी सुटले," ती म्हणाली. व्हर्न इरेला पेटला.

पण बाई पास करेना. "अजून लागतंय रे, खालच्या अंगाला." पुन्हा घासलं. "लागतंय." पुन्हा घासलं. गावच्या रॉकेट क्लबची रॉकेटं कापलेल्या मक्याच्या रानातून उडाली, यांच्याशिवाय. पुढे तिला गाडीत बसवणंही होईना, तेव्हा व्हर्नचं डोकं फिरलं. मरणाच्या दारातही माणसानं इतका हट्ट करावा? त्यानं फळीवरची कोरी नळी उचलली, जिची खाच मांजरालाही कळावी, आणि तिच्या हातात कोंबली.

"घे. आता सांग."

डोळे मिटून तिनं बोट फिरवलं. सावकाश, वरून खाली.

"चालेल," ती म्हणाली. "काचेसारखं झालंय."

व्हर्न तिच्या पलंगावर टेकला.

"कधीपासून लागत नाही तुला?"

"औषधं सुरू झाली तेव्हापासून. बोटं मेलीत माझी."

"मग लागतंय, लागतंय करून माझा जीव का खात होतीस?"

"चालेल म्हटलं आणि खाच निघाली असती तर? आजवर एकदा चुकले नाही मी."

"आणि आज?"

"आज तुझा असा आवाज ऐकवेना."

आता रागवायचं तरी कुणावर? व्हर्नला रडू फुटलं. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हे तरी कळतंय का गं?"

आर्डिसनं डोळे उघडले, मान वळवून हाताकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "हो, कळतंय की."