कितवी खेप

साहेब, तुमच्या सहीनं दवाखान्यातून आलेला कागद खोटा आहे. चुकून खोटा नाही, ठरवून खोटा आहे. "नातेवाइकांनी आधीच्या बाळंतपणांची माहिती दडवल्याने रुग्ण दगावली" असं तुम्ही लिहिलंत, आणि खाली आमच्या सह्या घ्यायला शिपाई घरी धाडलात. माझ्या सासूचा अंगठा तुम्हाला मिळाला. माझी सही मिळायची नाही.

कागदाला जोडलेल्या फॉर्मवर मथळा आहे, 'प्रसूत महिलेची वैशिष्ट्ये'. बाजारात शेळीचे दात बघावेत तसे रकाने. वय तेवीस. शिक्षण नववी. व्यवसाय गृहिणी. खेप पहिली. प्रसूती नॉर्मल. शिवकन्या, माझी धाकटी जाऊ, आठवा लागेपर्यंत डाळ मिलमध्ये उकिडवी बसून तुरीतले खडे वेचत होती. तिला तुम्ही गृहिणी केलंत, ते एकवेळ सोडून देते. 'पहिली' सोडणार नाही.

ती तिसरी खेप होती. पहिला मुलगा पोटातच गेला. दुसरी मुलगी चार दिवस जगली, आणि तिच्या वेळी शिवकन्येचं इतकं रक्त गेलं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाईनं हे तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर लाल पेनानं लिहिलं होतं. खाली रेघ ओढून लिहिलं होतं, रक्त तयार ठेवावे.

पण आमच्या घरात एक रीत आहे. जे लेकरू पाळण्यात घातलं नाही, ज्याच्या कानात नाव सांगितलं नाही, ते मोजायचं नाही. पोटुशी बाई समोर असली तर त्याचा उच्चारही करायचा नाही. माझ्या सासूबाई नागम्मा पाच वेळा बाळंत झाल्या. कुणी विचारलं तर तीन सांगतात.

त्या दिवशी सकाळी दहाला आम्ही जळकोटकडच्या आमच्या खेड्यातून जीप करून तुमच्या दवाखान्यात पोचलो. मी, सासूबाई आणि शिवकन्या. आत दोन टेबलं, कळा देणाऱ्या बाया तीन, सिस्टर एक. शिवकन्येला आया विठाबाई आत घेऊन गेली. दाराशी सिस्टर मान खाली घालून फॉर्म भरत होती.

"कितवी खेप, आजी?"

"पहिलकरीण हाय," सासूबाई म्हणाल्या.

विठाबाई तेवढ्यात बाहेर आली होती. ती हसली. "पहिलकरीण आन् तोंडातनं आवाज न्हाई? गुणाची हाय बगा. त्या पल्याडच्या बाईनं तर सकाळपासनं समदा दवाखाना डोक्यावर घेतलाय."

मी सासूबाईंचा पदर ओढला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "गप बस, मंजे. मेलेल्याचं नाव काढलं की ते बोट धरून न्यायला येतंय."

मी गप्प बसले. हे मी स्वतःच्या हातानं लिहून देते, साहेब, तुम्हाला माझ्याविरुद्ध वापरायचं तर वापरा. मला सगळं कळत होतं आणि मी सासूला भ्याले. कार्डावर लिहिलंय, वाचतील, असं म्हणून मी कार्ड सिस्टरच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं नाही.

"आधारची झेरॉक्स कुठंय?"

झेरॉक्स दिली. तिनं वर झेरॉक्स, खाली घडीचं कार्ड असं फॉर्मच्या मागं स्टेपल केलं आणि आत पळाली, कारण आतली एक बाई ओरडत होती. सिस्टरला शिव्या देऊन मला काय मिळणार? तीन बायांना एक माणूस तिनं नेमला नव्हता. तो तुम्ही नेमलात.

बारा वाजता मुलगी झाली. विठाबाई दारात येऊन म्हणाली, "नॉर्मल झालं. पोरगी हाय, पर धट्टीकट्टी हाय. आता तरी हसा की, सासूबाई." सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. त्यांना लेकरू जिवंत हवं होतं, मुलगा की मुलगी याचं त्यांना काही नव्हतं.

टेबल लागलीच दुसऱ्या बाईला हवं होतं. शिवकन्येला वॉर्डातल्या कॉटवर आणून टाकलं. मी जवळ गेले तर तिचे ओठ राखेसारखे.

"अक्का, पाय गार पडलेत माझे."

मी पाय चोळायला चादर उचलली. खालचं कापड भिजून गादी भिजली होती. मी दाराशी पळत गेले.

"सिस्टर, रक्त थांबंना तिचं."

"पहिलटकरणीला जातं थोडंफार. इथं एकीचं बाळ आडवं आलंय. दहा मिनिटं थांबा."

मी थांबले. खरंच थांबले, साहेब. दहा मिनिटं मी तिच्या अंगावर पिशवीतलं माझं लुगडं आणि सासूबाईंची शाल घालत बसले. मग तिनं डोळे फिरवले, तेव्हा मी त्या दारात उभी राहून ओरडले की ती पहिलटकरीण नाही, ही तिसरी आहे, मागच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढवलंय.

सिस्टरचा चेहरा मी विसरणार नाही. हातातलं टाकून ती पळत आली, फोन केला, डॉक्टर आले, दोघांनी जे करता येईल ते केलं. पण तुमच्या दवाखान्यात रक्ताची एक पिशवी नव्हती. नांदेडला न्या म्हणाले. गाडी अहमदपूरच्या पुढं गेली. लोहा यायच्या आत शिवकन्येचा हात माझ्या हातात जड झाला. सासूबाई पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसून जप करत होत्या. त्यांना सांगायला मला नांदेडपर्यंत धीर झाला नाही.

आता घरात त्या बोलत नाहीत. पोरीला घेतात, दूध पाजतात. तुमच्या शिपायानं कागद पुढं धरला तेव्हा त्यांनी विचारलं नाही काय लिहिलंय. मी वाचून दाखवला. "खरं हाय ते," म्हणाल्या आणि अंगठा दिला.

शिपाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. क्लार्कनं फाइल काढली. फॉर्ममागं झेरॉक्स, झेरॉक्समागं कार्ड, स्टेपलची पिनसुद्धा तीच. कार्ड उघडून मी त्याला लाल अक्षरं दाखवली. तो म्हणाला, "ताई, ते साहेबांशी बोला." तुम्ही मीटिंगला होतात.

जिन्याखाली विठाबाईनं मला गाठलं. इकडं तिकडं बघून म्हणाली, "मी सांगितलं म्हणून सांगू नगा. तुमची जाऊ टेबलावर चढल्यापासनं बोलून राहिली हुती. ही तिसरी हाय, बाई, माझं मागच्या टायमाला लई रगत गेलतं. चार डाव बोलली. मी सिस्टरला म्हणलं, ही काय म्हणती बगा. तर म्हणल्या, पहिलटकरीण आहे, कागदावर आहे, भ्यालीय म्हणून बडबडती."

तिचं नाव मी इथं लिहिलंय. तिनं नको म्हटलं होतं, तरी लिहिलंय, कारण ती एकटीच साक्षीदार आहे. तिला कामावरून काढलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन.

तर साहेब, माझ्या सासूनं खोटं सांगितलं, ते तुमच्या कागदावर आलं. मी गप्प बसले, ते आज मीच लिहून दिलं. शिवकन्येनं कळा सोसत चार वेळा खरं सांगितलं, स्वतःच्या तोंडानं, तुमच्याच टेबलावर. ते कुठं आहे? दाराबाहेरच्या सासूचा शब्द कागद झाला आणि बाळंत होणाऱ्या बाईचा शब्द बडबड झाला, हे कुणी ठरवलं? मोघम उत्तर नको. नाव घालून, तारीख घालून, लेखी द्या.