दोन दारांचं कोठार

मित्रांनो, माझं निम्मं छप्पर जळून गेलेलं आहे आणि निम्मं अजून शाबूत आहे, म्हणून वाटेने जाणारे थांबून माझ्याकडे बघतात. मी एक जुनं कोठार आहे. कोणी मला गोठा म्हणतं, कोणी वैरणीचं घर म्हणतं. मी सगळ्यांनाच ओ देत आलो, कारण सगळीच कामं मी केली आहेत.

मला बांधलं ते एका अबोल सुताराने. त्याने मला समोरासमोर दोन मोठी दारं ठेवली, इतकी मोठी की भरलेली गाडी एका दाराने आत यावी आणि रिकामी होऊन दुसऱ्याने बाहेर जावी. लोक त्याला हसले. घराला एक दार पुरतं, याला दोन कशाला, म्हणाले. मळणीचे दिवस आले तेव्हा त्यांना कळलं. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जाई. मधल्या जमिनीवर उभं राहून धान्य उफणलं की भुसा उडून बाहेर पडे आणि दाणे पायाशी राहत. तोच वारा वर माळ्यावरच्या गवतालाही कोरडं ठेवी. खाली एका बाजूला गाई बांधलेल्या असत.

एका वर्षी शाळेचं छप्पर कोसळलं, तेव्हा शाळा माझ्याकडे आली. मुलं पाढे म्हणायला लागली की गाई हंबरायच्या, आणि बाई म्हणायच्या की निदान कोणीतरी मनापासून उत्तर देतंय. नदीला पूर आला तेव्हा खालच्या आळीतली माणसं माझ्या माळ्यावर राहिली. तिथेच एक मूल जन्माला आलं. साथीच्या तापात माझ्यात ओळीने खाटा लागल्या, आणि त्यातल्या काही खाटांवरची माणसं उठलीच नाहीत. तेव्हा सगळं गाव मला आपलं म्हणत असे. खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता.

माझ्या मालकाला दोन मुलगे. थोरला मोठा तिखट नाकाचा. गवत कापून आणलं की ते नीट वाळलंय की नाही, हे त्याला वासावरून कळे. ओलं गवत दाबून रचलं तर ते आतल्या आत तापतं, मित्रांनो, आणि फार तापलं तर आपोआप पेटतं. म्हणून घरात एक लांब लोखंडी सळई होती. ती गंजीत खोल खुपसून ठेवायची, मग ओढून काढायची आणि हात लावून बघायचा. हात टिकला तर ठीक, नाही टिकला तर सगळं गवत उपसून पसरायचं. हे काम थोरल्याचं. धाकट्याचा जीव गाईंमध्ये. प्रत्येकीला कुठे खाजवलेलं आवडतं ते त्याला ठाऊक होतं. दोघांचं मिळून एक काम पुरं होत असे आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

बाप गेला आणि दोघांचं बिनसलं. थोरल्याला मळणीचं यंत्र आणायचं होतं आणि त्यासाठी गाई विकायच्या होत्या. धाकटा म्हणाला, आधी मला विक. शब्दाने शब्द वाढला. शेत वाटलं, घर वाटलं, आणि शेवटी माझी पाळी आली. गवंडी बोलावून माझ्या अगदी मधोमध भिंत घातली. गवंडी भला माणूस होता. वारा खेळायला वर थोडी फट ठेवू का, असं त्याने विचारलं. दोघंही एकदम नको म्हणाले. त्या दिवसांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. भिंत आढ्यापर्यंत गेली.

सळई थोरल्याच्या बाजूला खुंटीवर राहिली. ती कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. आई मात्र वाटता येईना, म्हणून ती काही महिने इकडे आणि काही महिने तिकडे राहू लागली.

भिंतीच्या दिवशी धाकटा जे बोलला ते मला अजून ऐकू येतं. तो म्हणाला, "दादा, आजपासून तुझं तिकडे, माझं इकडे. माझ्या अर्ध्यात लक्ष घालू नकोस. जळालं तर माझं जळेल."

त्या वर्षी गवत कापून पडलं होतं आणि अवेळी पाऊस आला. थंडीचे महिने पुढे होते आणि गाईंना दुसरं काही खायला नव्हतं. धाकट्याने आणि त्याच्या बायकोने गवत उलटंपालटं करून जमेल तसं वाळवलं आणि माळ्यावर दाबून भरलं. ते वरून कोरडं होतं. आतून नव्हतं. माझ्या अंगात आता वारा नव्हता. मी कोंदटलो, माझ्या वाशांना घाम फुटला. काही दिवसांनी गोडसर वास सुटला, साखर करपते तसा. धाकटा आत आला, त्याने भरभरून श्वास घेतला आणि बायकोला म्हणाला की यंदा गवत छान मुरलंय. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवणारा भिंतीपलीकडे होता.

पलीकडे थोरला नव्याने आणलेल्या मळणीच्या यंत्राला तेल घालत होता. त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली, नाक फुलवलं. मग उठून भिंतीला तळहात लावला. भिंत कोमट होती. त्याने खुंटीवरची सळई काढली आणि बाहेर पडला. माझा जीव भांड्यात पडला. माझ्या कोपऱ्याला वळसा घालून तो धाकट्याच्या दारापर्यंत गेला, आणि तिथे थबकला. आत धाकटा गाईशी बोलत होता. थोरला बराच वेळ तसाच उभा राहिला. मग मागे फिरला, सळई जागेवर ठेवली आणि स्वतःशीच म्हणाला, "विचारायला येईल तेव्हा सांगू."

दुसऱ्या दिवशी दुपारी माळा पेटला.

धाकटा आत धावला. दावी आवळून बसली होती, म्हातारी गाय हलेना. बाकीच्या सगळ्या त्याने सोडवल्या. तिची गाठ सोडता सोडता वरून जळतं गवत त्याच्या हातांवर पडलं. थोरल्यानेच त्याला कमरेला धरून ओढून बाहेर काढलं. म्हातारी गाय आत राहिली. भिंतीने आपलं काम चोख केलं, आग पलीकडे गेली नाही. यंत्राला धगसुद्धा लागली नाही.

धाकट्याचे हात बरे झाले, पण बोटं आखडली. धार काढणं त्याला पुन्हा जमलं नाही. थोरल्याने स्वतः जाऊन धार काढून दिली, वैरण आणून टाकली, पण धाकटा कसनुसा बघत राहायचा. शेवटी त्याने गाई विकल्या आणि बायकोच्या माहेरी जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी आई थोरल्याच्या बाजूला आली. तेव्हा ती त्याच्याकडेच राहत होती. तो यंत्रापाशी नुसता बसला होता. आईने शांतपणे विचारलं, "तुला वास आला होता का रे?"

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "आला होता, आई."

घरात जाऊन तिने आपलं गाठोडं बांधलं आणि धाकट्याच्या गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर इथे कोणी काही साठवलं नाही. यंत्र गंजलं. थोरला अजून येतो, उंबऱ्यावर बसतो, संध्याकाळ झाली की जातो. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. मी लाकडा-विटांचा. मला सगळं कळत होतं, पण तोंड नव्हतं. त्याला होतं.

मित्रांनो, माझं छप्पर दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. तुम्ही भावंडं भांडाल, अबोला धराल, खुशाल धरा. फक्त समोरच्याच्या घरातून जळका वास आला, तर जाऊन सांगा. सांगून परत या, आणि हवा तर पुन्हा अबोला धरा.