साळूचे काटे

सुहासिनीने दोन काटे गालात सरकवले, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"तोंडात काय आहे गं?"

उत्तर देणं शक्य नव्हतं. टेबलावर तान्ह्या बाळाचे कातडी जोडे होते. एकावर रंगवलेल्या काट्यांची फुलं, दुसरा कोरा. शेजारी लोरेट सुजलेली बोटं मांडीवर घेऊन बसली होती. कॅनडातल्या मेती समाजाची ही नर्स शारजातल्या रोल्लात त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. गुरुवारी तिचं विमान होतं. तिकडे नात जन्मली होती, आणि इकडे संधिवातामुळे बोटांनी अर्ध्यात संप पुकारला होता.

"चामडं जेवायच्या टेबलावर, वर उष्टे काटे! वाटीत भिजवा की."

चारुदत्तने आईचं बोलणं शक्य तितकं सौम्य करून इंग्रजीत पोचवलं.

"वाटीतही भिजतात," लोरेट म्हणाली, "पण काटा मऊ कधी झाला, ते जिभेला कळतं. वाटीला नाही. मग दाताने चपटा करायचा."

हे मराठीत सांगून चारुदत्त पेपरमागे गेला. आखाती पेपर आकाराने मोठे असतात, हा त्यांचा गुण.

"पण काटा कसला म्हणे?"

"साळिंदराचा, आई," पेपरमागून उत्तर आलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. एक काटा उचलून उजेडात धरला.

"आपल्याकडचा लांब असतो. चारू, तू पोटात असताना तुझ्या बाबांनी साळूच्या काट्यानेच माझा भांग पाडला होता. सीमंतविधीत, भटजींसमोर. भांग वाकडाच पडला त्यांच्याकडून!"

चारुदत्तने पेपर खाली घेतला. हे भाषांतर त्याने एकही शब्द न गाळता केलं.

लोरेटने कोरा जोडा हातात घेतला. मग म्हणाली, "आमच्या घरी पहिला जोडा आजीच्या हातचा असतो. म्हणून वाईट वाटत होतं."

"मग सुनेला काय कामाला लावलंय? चारूच्या अस्मीची आजी मी आहे ना?" सासूबाई हात धुऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "दात सगळे माझे स्वतःचे आहेत, सांग तिला."

काटा त्यांच्या तोंडात गेला.

"चहा कोण टाकतंय?" चारुदत्तने विचारलं.

गालात काटे धरलेल्या सासू-सुनेने त्याच्याकडे पाहिलं. तो उठला.

कप घेऊन आला, तेव्हा कोऱ्या जोड्यावर पहिली पाकळी बसली होती. जरा तिरकी.

"उसवू?" सुहासिनीने लोरेटला विचारलं.

लोरेटने पाकळीवरून अंगठा फिरवला.

"नो, नो. खलास," ती इकडच्या अरबीत 'झालं, पुरे' म्हणाली. "राहू दे."

सासूबाईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी पुढचा काटा निवडला, पदराला पुसला आणि गालात ठेवला.